जड होण्याची मुभा : स्पर्धात्मक ग्लायडिंगमधील वजनमर्यादेची चिकित्सा

इंजिन नसलेले विमान जितके हलके तितके चांगले, असे कोणालाही वाटेल. ग्लायडिंगच्या जागतिक स्पर्धेच्या मैदानावर सकाळी दिसणारे दृश्य मात्र नेमके उलटे असते. वैमानिक आणि त्याचे मदतनीस रबरी नळ्या घेऊन ग्लायडरच्या पंखांत पाणी भरत असतात. शंभर लिटर, दीडशे लिटर, काही यंत्रांत त्याहूनही अधिक. हे पाणी पिण्यासाठी नाही, यंत्र थंड करण्यासाठीही नाही. ते फक्त ओझे आहे. भरून झाले की ग्लायडर काट्यावर नेतात आणि तिथे पंच एकच गोष्ट पाहतो : वजन ठरलेल्या आकड्याच्या वर गेले आहे का? आकड्याच्या खाली किती आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

म्हणजे ज्या खेळात माणूस हवेवर तरंगतो, त्या खेळाचा नियम हलकेपणाची हमी मागत नाही. जडपणाला आवर घालतो. हा नियम कशासाठी आहे आणि तो जे करू पाहतो ते खरोखर करतो का, हे या लेखात तपासायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. वजनमर्यादेने वैमानिकांमधला अन्याय बराच कमी केला, पण ती चुकीची राशी मोजते. मोजायला सोपी म्हणून ती किलो मोजते. खेळाचा निकाल मात्र दर चौरस मीटर पंखावर किती किलो येतात यावर लागतो. या दोहोंतल्या फटीत गेल्या पन्नास वर्षांतले बहुतेक सगळे ग्लायडर-रचनाकार राहायला गेले आहेत.

वजनाने स्पर्धा समतोल करण्याची कल्पना जुनीच. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हँडिकॅपच्या शर्यतीत चांगल्या घोड्याच्या खोगिरात शिशाच्या पट्ट्या सरकवतात. तिथे वजन हा दंड आहे. जो अधिक वेगवान, त्याने अधिक वाहावे. ग्लायडिंगमध्ये वजन हा भत्ता आहे. जो तो मर्यादेपर्यंत मागून घेतो. सवयीने आपण दोन्हींना ‘वजनाचा नियम’ म्हणतो, पण त्यांच्या दिशा विरुद्ध आहेत, आणि हे ध्यानात न आल्यामुळेच बाहेरच्या माणसाला ग्लायडिंगची नियमपुस्तिका बुचकळ्यात टाकते.

जडपणा वेग कसा देतो, ते थोडक्यात पाहू. शांत हवेत ग्लायडर सतत खाली घसरत असतो. एक किलोमीटर उंची खर्चून तो किती किलोमीटर पुढे जाईल हे गुणोत्तर त्याच्या आकारावर ठरते, वजनावर जवळजवळ नाही. एलएस ८ या जर्मन ग्लायडरचे हे गुणोत्तर साधारण ४३ आहे. त्यात पाणी भरा, ते ४३च राहील. बदलतो तो वेग. एकूण वजन ३६५ किलोंवरून ५२५ किलोंवर नेले, म्हणजे सुमारे १.४४ पट केले, तर तेच ४३चे गुणोत्तर आता १.२ पट वेगाला मिळते. आधी ताशी १०० किलोमीटरला मिळत असेल तर आता १२०ला. वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो. घसरणही त्याच पटीत वाढते, पण अंतर तेवढेच कापून होते आणि लवकर कापून होते. शर्यतीत याहून अधिक काय हवे?

याची किंमत थर्मलमध्ये मोजावी लागते. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या स्तंभात ग्लायडर घिरट्या घालून उंची कमावतो, आणि त्या स्तंभाचा गाभा अरुंद असतो. ४५ अंश कललेला ग्लायडर ताशी ९० किलोमीटरने फिरत असेल तर त्याच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ६४ मीटर येते. वरच्याच हिशेबाने वजन १.४४ पट करा, त्रिज्याही तितक्याच पटीने वाढून ९२ मीटर होते. गाभा बाहेरच राहतो. ग्लायडर कडेच्या मंद हवेत फिरत बसतो. जड यंत्र दोन थर्मलांच्या मधली वाट झपाट्याने कापते आणि थर्मलमध्ये मागे पडते. ऊन कडक, ढगांचे तळ उंच आणि प्रवाह जोरदार असतील त्या दिवशी पाणी फायद्याचे. मलूल दिवशी तेच पाणी घातक. घारी-गिधाडांनाही हाच हिशेब लागू आहे. घार सकाळी लवकर आकाशात दिसते. पंखाच्या मानाने जड असलेले गिधाड हवा पुरेशी तापेपर्यंत थांबून राहते. कॉलिन पेनिक्विक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात सेरेंगेटीवर मोटर-ग्लायडरमधून गिधाडांच्या सोबत उडून त्यांच्या या शास्त्राची मापे घेतली. गिधाडाला मात्र दुपारी पंखातले पाणी सोडून देता येत नाही. वैमानिकाला येते. झडप उघडली की पाण्याची पांढरी रेघ मागे सुटते आणि ग्लायडर हलका होतो. फक्त एकदा सोडलेले पाणी त्या दिवसापुरते परत मिळत नाही, आणि स्पर्धेतले कित्येक दिवस या एका झडपेच्या निर्णयावर जिंकले-हरले जातात.

ही कल्पना खेळाच्या बालपणीच आली. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर बंधने घातली, तेव्हा तिथली तरुण मंडळी वासरकुप्पे या डोंगरावर जमली. १९२० साली तिथे पहिली ऱ्होन स्पर्धा झाली. सुरुवातीची सारी धडपड हलके होण्याची होती, कारण प्रश्न वेगाचा नव्हता, वर टिकून राहण्याचा होता. १९३३ मध्ये वोल्फ हिर्थने आखलेला आणि ग्रुनाऊच्या एडमंड श्नायडरच्या कारखान्यात बांधलेला ‘मोआझागोटल’ हा पाण्याचे ओझे घेऊन उडणाऱ्या सर्वांत आधीच्या ग्लायडरांपैकी एक. त्याचे नाव सिलेशियातल्या डोंगरांमागे उभ्या राहणाऱ्या एका ढगाचे, आणि ढगाला ते नाव एका स्थानिक शेतकऱ्यावरून पडलेले. ढगाच्या नावाच्या यंत्रात ओझे भरायला सुरुवात व्हावी हा योगायोग मला आवडतो.

हिर्थला जे अंदाजाने कळले होते त्याला गणित दिले ते पॉल मॅक्क्रेडी या अमेरिकन वैमानिकाने. पुढचा थर्मल किती जोराचा मिळेल त्यावरून मधल्या वाटेत किती वेगाने उडावे, हे सांगणारी त्याची पद्धत १९४०च्या दशकाच्या अखेरीची. १९५६ साली फ्रान्समधल्या सँ-यांच्या स्पर्धेत तो जगज्जेता झाला. त्याच्या गणितातून एक गोष्ट आपोआप बाहेर पडते : थर्मल जितके जोरदार, तितके वेगाने उडणे फायद्याचे, आणि वेगाने उडायचे तर जड असणे फायद्याचे. याच मॅक्क्रेडीने पुढे १९७७ मध्ये माणसाच्या पायांच्या बळावर उडणारे ‘गॉसमर कॉन्डॉर’ केले. त्याचा पंख २९ मीटरचा आणि रिकामे वजन सुमारे ३२ किलो. हलकेपणाची आणि जडपणाची गरज कुठे कोणती, हे त्याच्याइतके कोणाला कळले असेल?

आता नियमांकडे. १९५०च्या दशकात स्पर्धेचे ग्लायडर महाग आणि अवघड होत चालले होते, म्हणून ‘स्टँडर्ड’ वर्ग काढण्यात आला : पंखांची लांबी १५ मीटर, फ्लॅप नाहीत, चाक स्थिर, सगळे साधे. १९५८ साली पोलंडमधल्या लेश्नोच्या जागतिक स्पर्धेत हा वर्ग पहिल्यांदा उडाला, आणि रुडॉल्फ कायझरच्या लाकडी ‘का ६’ला या वर्गातल्या उत्तम रचनेचे पारितोषिक मिळाले. का ६चे पंखाचे क्षेत्रफळ १२.४ चौरस मीटर, कमाल वजन ३०० किलो. म्हणजे दर चौरस मीटरला २४ किलो. ग्लायडिंगवाले याला विंग लोडिंग म्हणतात. इथे मी ‘पंखभार’ म्हणतो. हा २४चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

आपल्याकडेही त्या लाटेचे पाणी आले होते. नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्राने १९५०-६०च्या दशकांत देशी ग्लायडर आखले आणि त्यांना नक्षत्रांची नावे दिली : अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, पुढे मृगशीर्ष आणि आर्द्रा. कार्तिक हा १५ मीटरचा एकासनी ग्लायडर १९६३चा. पुण्याच्या हडपसर ग्लायडिंग केंद्राच्या भिंतीबाहेर उभे राहून आभाळाकडे पाहिलेल्या पिढीने यातली काही नक्षत्रे दिवसाउजेडी पाहिली आहेत. पण आपला भर शिकवण्यावर राहिला, शर्यतीवर नाही. पंखात पाणी भरण्याचा प्रश्नच आला नाही.

युरोपात मात्र फायबरग्लास आले. १९५७चा ‘फिनिक्स’ हा स्टुटगार्टच्या विद्यार्थी-गटातून निघालेला काचतंतूचा पहिला ग्लायडर. त्याचा पंखभार जेमतेम १८च्या आसपास, मलूल हवेत तरंगण्यासाठी आखलेला. या नव्या द्रव्याचा खरा गुण पुढे उघड झाला : त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि ते ओझे सोसते. लाकूड ज्या वजनाला कुरकुरत होते, ते काचतंतू आणि नंतर कार्बनतंतू सहज पेलू लागले. मग स्टँडर्ड वर्गातल्या अटी एकेक करून सैल झाल्या. मिटणारे चाक आले, पाणी आले. फ्लॅपवरून वाद झाला आणि त्यातून १५ मीटरचा वेगळा वर्ग निघाला. १९७८ साली फ्रान्समधल्या शातोरूला तो जागतिक स्पर्धेत पहिल्यांदा उडाला.

शर्यत जडपणाकडे वळली म्हटल्यावर छत घालणे भागच होते. आंतरराष्ट्रीय ग्लायडिंग आयोगाच्या नियमांत स्थिरावलेले आकडे असे : स्टँडर्ड आणि १५ मीटर या दोन्ही वर्गांना अनेक वर्षे ५२५ किलो, १८ मीटरला ६००, खुल्या वर्गाला ८५०. क्लब वर्गात सोडता येणारे ओझे मुळातच निषिद्ध. यातला कोणताही आकडा निसर्गातून आलेला नाही. तो त्या त्या काळच्या यंत्रांच्या ताकदीतून, प्रमाणपत्रांच्या नियमांतून आणि सभांमधल्या मतदानातून आलेला आहे.

या छताचा सर्वांत न्याय्य गुण वैमानिकाच्या शरीराशी संबंधित आहे. मर्यादा एकूण वजनाची आहे, माणसासकट. साठ किलोचा वैमानिक चाळीस लिटर पाणी अधिक भरतो, शंभर किलोचा तेवढे कमी, आणि दोघे ५२५लाच येऊन थांबतात. जोरदार दिवशी त्यांच्या यंत्रांत फरक उरत नाही. मलूल दिवशी हलक्या माणसाला अधिक खाली उतरण्याची सोय असते, एवढाच त्याचा लाभ. मुष्टियुद्धात माणसांचे वजनगट पाडावे लागतात. इथे पाण्याने ते काम केले. दुसऱ्या टोकाला हलक्या माणसांसाठी एक वेगळी अट आहे, आणि ती खेळाची नाही, जिवाची आहे. बहुतेक ग्लायडरांत पुढच्या आसनात पॅराशूटसह साधारण ७० किलो तरी असावे लागतात. नाहीतर गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि यंत्र गिरकीतून बाहेर काढता येत नाही. सडपातळ वैमानिकांना, त्यात पुष्कळ स्त्रिया आल्या, आसनाखाली शिसे ठेवून उडावे लागते. किती वजन यापेक्षा वजन कुठे, हा प्रश्न तिथे मोठा असतो, आणि ५२५चा आकडा त्याबद्दल मौन पाळतो.

आता मूळ तक्रारीकडे येतो. एका वर्गात पंखांची लांबी १५ मीटर ठरली आणि वजन ५२५ किलो ठरले, तर रचनाकाराच्या हातात काय उरले? पंखाची रुंदी. लांबी तेवढीच ठेवून पंख अरुंद केला की क्षेत्रफळ घटते आणि त्याच ५२५ किलोंचा पंखभार वाढतो. पुरावा यंत्रांमध्येच आहे. १९७७चा एएसडब्ल्यू २० हा १५ मीटरचा ग्लायडर १०.५ चौरस मीटरचा होता आणि त्याचे कमाल वजन ४५४ किलो, पंखभार ४३. १९९५चा एएसडब्ल्यू २७ नऊ चौरस मीटरवर आला, ५०० किलो, पंखभार साडेपंचावन्न. दक्षिण आफ्रिकेतल्या जाँकर बंधूंचा २०१६चा जेएस ३ पावणेनऊ चौरस मीटरचा, ५२५ किलो, पंखभार ६०. का ६चा २४ आठवतो ना? जे छत वजनाला घातले होते, त्याच्याखाली पंख आक्रसत गेला आणि भार अडीच पट झाला. नियम एक किलोनेही मोडला गेला नाही.

हा परिणाम नियमाचाच आहे, केवळ तंत्राच्या प्रगतीचा नाही, हे कशावरून? स्टँडर्ड वर्गाशी तुलना केली की दिसते. लांबी तीच, ५२५ किलोंचे छत तेच. फक्त फ्लॅप नाहीत. फ्लॅप नसलेला अरुंद पंख मंद वेगाला कोसळतो, थर्मलमध्ये फिरूच शकत नाही. म्हणून तिथे पंख आक्रसला नाही. एलएस ८चे साडेदहा चौरस मीटर आणि ५२५ किलो. पंखभार बरोबर ५०. १९९०च्या दशकाच्या मध्यावरचे हे यंत्र पुढची वीसहून अधिक वर्षे त्या वर्गात अव्वल राहिले, कारण त्याला मागे टाकण्याची वाटच बंद होती. एकच वजनमर्यादा एका वर्गात यंत्रे टिकवते आणि शेजारच्या वर्गात दर दहा वर्षांनी जुनी करते. मग समतेचे श्रेय वजनमर्यादेला द्यायचे, की फ्लॅपबंदीला? माझ्या मते फ्लॅपबंदीला.

मराठी वाचकाला हे वृत्तांच्या भाषेत चटकन उमगेल. नाहीतरी लघू म्हणजे हलके आणि गुरू म्हणजे जड. अक्षरगणवृत्तात प्रत्येक जागी लघू की गुरू हे आधीच ठरलेले. मात्रावृत्तात एकूण बेरीज तेवढी ठरलेली. पादाकुलकाच्या चरणात सोळा मात्रा भरल्या की झाले, त्या कशा वाटायच्या ते कवीने पाहावे. ५२५ किलोंचा नियम हा मात्रावृत्ताचा नियम आहे. बेरीज बांधली, वाटणी मोकळी सोडली, आणि रचनाकारांनी वाटणीतच सारे कसब ओतले. कवितेत अशा मोकळेपणाचा खर्च कोणाला सोसावा लागत नाही. इथे सोसावा लागतो.

खुल्या वर्गाची गोष्ट अधिकच विचित्र. तिथे पंखांच्या लांबीला बंधन नाही, म्हणूनच तो ‘खुला’. २००० साली उडालेल्या ‘एटा’ने या मोकळेपणाचे टोक गाठले : पंख ३०.९ मीटर, म्हणजे चार मजली घराच्या दुप्पटीहून लांब. क्षेत्रफळ १८.६ चौरस मीटर. ८५० किलोंचे छत आले की पंखभार ४६ही होत नाही. एवढ्या लांब पंखाची चौकटच जड. पाण्याला जागा थोडी. लांबी वाढवावी तर घसरण सुधारते पण वेग जातो. पुढच्या काळात रचनाकार लांबीवरून मागे फिरले. २०१२ मध्ये उडालेला ‘कॉन्कॉर्डिया’ २८ मीटरचा, पण इतका चिंचोळा की ८५० किलोंना त्याचा पंखभार साठाच्या वर जातो. जेएस १ तर २१ मीटरवरच थांबून ७२० किलोंत ५९च्या घरात पोचला आणि खुल्या वर्गात उतरला. ज्या वर्गात लांबी मोकळी म्हणून जाहीर आहे, तिथे वजनाने लांबीला छुपी मर्यादा घातली. ‘खुला’ हे नाव आता केवळ ऐतिहासिक आहे.

८५०चा आकडाही पाहण्यासारखा. युरोपच्या जुन्या उड्डाणयोग्यता-नियमांत बिनइंजिनाच्या ग्लायडरला ७५० किलोंपर्यंत आणि स्वतःच्या इंजिनाने उठणाऱ्याला ८५० किलोंपर्यंत प्रमाणपत्र मिळत असे. शंभर किलो वाढवून दिले ते इंजिनासाठी. ते इंजिन उड्डाणानंतर पंखामागच्या पेटीत मिटून पडते आणि शर्यतभर निव्वळ ओझे म्हणून काम करते. बिनइंजिनाच्या उड्डाणाच्या सर्वोच्च वर्गात इंजिन बसवलेलेच सोयीचे ठरावे, ही नियमांची गंमत कोणी मुद्दाम केलेली नाही. दोन वेगळ्या कारणांसाठी केलेले दोन आकडे एकमेकांवर पडले, इतकेच.

एकदा या साऱ्या पेचातून वेगळी वाट निघाली होती. हेल्मुट रायशमानने १९७८ला शातोरूच्या १५ मीटर वर्गात जे विजेतेपद मिळवले, ते ब्राउनश्वाइगच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या एसबी ११ मध्ये. त्याच्या पंखाच्या मागच्या कडेतून एक पट्टा बाहेर सरके आणि क्षेत्रफळ सुमारे पाव हिश्श्याने वाढे. थर्मलमध्ये मोठा पंख, वाटेवर छोटा. ओझे न सोडता पंखभार कमी-जास्त. गिधाड पिसे पसरते-मिटते तसेच. पण ती यंत्रणा गुंतागुंतीची, जड, आणि कारखान्यात काढायला महाग. एसबी ११ एकच बनला. रबरी नळीतले पाणी फुकट होते, ते जिंकले. नियम लिहिणाऱ्यांनी पाण्याऐवजी पंख बदलण्याला उत्तेजन दिले असते तर हा खेळ आज कसा दिसला असता, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

खर्च कोण सोसतो, ते आता पाहू. ग्लायडरला दुपारी थर्मल मिळेनासे झाले की समोर दिसेल त्या शेतात उतरावे लागते. पाणी भरलेल्या यंत्राने उतरायचे झाले तर वजन १.४४ पट आणि वेग १.२ पट, जमिनीशी जिरवायची ऊर्जा दुपटीहून अधिक. म्हणून उतरण्यापूर्वी पाणी सोडतात. पण पावणेनऊ चौरस मीटरच्या पंखाने पाणी सोडले तरी त्याचा पंखभार ४०च्या आसपास राहतो. का ६ पूर्ण भरलेला असताना २४ होता. आजचे फ्लॅप चांगले, एअरब्रेक जोरदार, कॉकपिट माणसाला जपण्यासाठी बांधलेले, हे सगळे खरे. तरी वांग्याच्या वाफ्यात नाहीतर ज्वारीच्या धांड्यांत उतरणाऱ्याला चाळीसचा पंख आणि चोवीसचा पंख सारखा नसतो. टो-विमानाच्या मागे, भर उन्हात, पाण्याने भरलेला ग्लायडर धावपट्टीवरून उठतो ते काही सेकंदही याच हिशेबात धरायला हवेत.

वजनमर्यादा सुरक्षिततेसाठी आहे, असे या खेळातले पुष्कळ जण सांगतात. ते मला पटत नाही. सुरक्षिततेची मर्यादा प्रत्येक यंत्राच्या प्रमाणपत्रात स्वतंत्रपणे लिहिलेली असते आणि स्पर्धेतही दोहोंपैकी जी कमी ती पाळावी लागते. स्पर्धेची मर्यादा समतेसाठी आहे. ती सुरक्षिततेसाठी आहे असे म्हणत राहिल्यामुळे एक प्रश्न विचारायचा राहून जातो : पंख आक्रसू देणारा नियम सुरक्षिततेच्या बाजूचा कसा?

पर्याय नाहीत असे नाही. एक पर्याय अक्षरगणवृत्ताचा : सगळ्यांना एकच यंत्र. वॉर्सा तंत्रविद्यापीठाचा पीडब्ल्यू ५ यासाठी निवडला गेला, ‘वर्ल्ड’ वर्ग निघाला, १९९७ला तुर्कस्तानात त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. छोटा, स्वस्त, पाणी नाही, पंखभार तिशीच्या आत. समता संपूर्ण होती, पण वैमानिकांना तो आवडला नाही. गुणोत्तर ३२च्या आसपास. ज्यांनी ४३ चाखले होते ते परत यायला तयार नव्हते. वर्ग विरून गेला. हे अपयश वैमानिकांच्या चोखंदळपणाचे, नियमाचे नव्हे, असे माझे मत आहे.

दुसरा पर्याय थेट पंखभार बांधण्याचा. वर्ल्ड वर्गाच्या जागी आलेल्या साडेतेरा मीटर वर्गाची २०१५ साली लिथुएनियात पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा नियमात दर चौरस मीटरला ३५ किलो अशीच अट होती. योग्य राशी मोजणारा हा नियम. मग मोठ्या वर्गांत तो का नको? कारण काटा पंखभार दाखवत नाही. क्षेत्रफळ कागदावरून घ्यावे लागते. पंखाची कड धडात कुठपर्यंत धरायची, फ्लॅप मिटलेले धरायचे की उघडे, यावर वकिली होऊ शकते. आणि आज ६०वर उडणारी सगळी महागडी यंत्रे एका ठरावाने बाद कोण करणार? किलोच्या नियमाचा मोठेपणा हा की तो सर्वांच्या डोळ्यांदेखत मोजता येतो. चाकाखाली काटा, शेपटीखाली काटा, आकडा समोर. खेळातल्या नियमाला हा गुण लहान नाही, आणि टीका करताना मी तो विसरू इच्छित नाही. पण यंत्राच्या नोंदणीच्या वेळीच क्षेत्रफळ एकदा मोजून त्यावरून प्रत्येक यंत्राची स्वतःची किलोमर्यादा ठरवणे अशक्य नव्हे. क्लब वर्गात जुन्या यंत्रांसाठी यंत्रागणिक गुणांक आणि संदर्भ-वजने ठरवण्याची किचकट पद्धत वर्षानुवर्षे चालू आहेच. ज्यांना ते जमते त्यांना हेही जमेल. मैदानावरचा काटा तोच राहील, फक्त त्यावर पाहायचा आकडा प्रत्येकाचा वेगळा असेल. नव्या यंत्रांपासून सुरुवात केली तर जुनी कोणाची बादही होणार नाहीत.

दरम्यान काट्यावर एक नवा पाहुणा आला आहे. नाकात किंवा पाठीत बसवलेली छोटी विजेची मोटर आणि तिच्या बॅटऱ्या. थर्मल संपले की शेतात न उतरता घरी परतता यावे म्हणून वैमानिक त्या घेतात, आणि माझ्या मते शहाणपणाने घेतात. नियमाच्या दृष्टीने बॅटरीचा किलो आणि पाण्याचा किलो एकच. जोरदार दिवशी काही बिघडत नाही. मोटरवाला तेवढे पाणी कमी भरतो. पण दुपारी चारनंतर ढग विरू लागतात, सगळे झडपा उघडतात, आणि मोटर घेतलेला ग्लायडर इतरांपेक्षा तेवढ्या किलोंनी जडच राहतो. स्टँडर्ड वर्गातल्या कितीतरी जणांनी या हिशेबापायी मोटर न घेताच शेतात उतरण्याची तयारी ठेवली आहे. ५२५ किलोंमध्ये सोडता येणारे किती आणि न सोडता येणारे किती, याची वेगळी नोंद करायला पंचाला काट्यावर आणखी एक रकाना लागेल.